साखर सोडली की चौथ्या दिवशी गाडी घसरते? आधी चहाकडे बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही समजेल. वय ३९, सुदामा नगरला घर, विजय नगरला ऑफिस, दिवसाला चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, संध्याकाळी बिस्किटं, रात्री जेवण झालं की गुळाचा खडा नाहीतर फ्रिजमधली बर्फी, त्याशिवाय जेवल्यासारखंच वाटत नाही. वडिलांना शुगर आहे. यावेळी तुमचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) ५.९ आलं, घाबरून एका सोमवारपासून साखर एकदम बंद, चहासुद्धा बंद. मंगळवारपासून डोकं ठणकायला लागलं, गुरुवारी मुलाच्या मित्राच्या वाढदिवसाला केक समोर आला आणि तीन तुकडे खाल्ले. असं तीनदा झालंय आणि आता तुम्ही विचारताय की माझ्यातच विलपॉवर नाही का, आणि साखरेचं खरंच व्यसन असतं का.

मी इंदूरमध्येच २२ वर्षं डाएटिशियन म्हणून काम करतेय आणि हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी माझ्यासमोर येऊन बसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे ती डोकेदुखी. तुम्ही साखर आणि चहा एकाच दिवशी बंद केले ना, मग ते डोकं बहुतेक चहाने दुखलंय. रोज चार कप चहा पिणाऱ्या माणसाने तो एकदम सोडला की कॅफिन न मिळाल्यामुळे १२ ते २४ तासांत डोकं धरतं, एक-दोन दिवस सगळ्यात जास्त त्रास होतो, आणि आठवडाभर सुस्ती, चिडचिड राहू शकते. म्हणजे सोमवारी सोडलं, मंगळवारी डोकं, बुधवारी कळस, गुरुवारी केक. अगदी हिशोबात बसतं बघा. तुम्ही याला विलपॉवरची कमतरता समजलात, शरीर बिचारं चहा मागत होतं. म्हणून माझा नियम असा की चहा सोडायचा नाही. चहा तेवढाच, फक्त त्यातली साखर उतरवायची, आणि तीही अशी की जिभेला पत्ता लागू नये.

व्यसनाचं म्हणाल तर मी तो शब्द पेशंटसमोर वापरत नाही. गोड खाल्ल्यावर मेंदूला बरं वाटतं, ठरलेल्या वेळी तो ते परत मागतो, हे खरंच आहे, पण एकदा का "मी ॲडिक्ट आहे" असं डोक्यात बसलं की एका केकच्या तुकड्यानंतर माणूस सगळंच सोडून देतो आणि उरलेला डबा पण संपवतो. तुमचे ते तीन तुकडे तसेच झाले असणार, पहिला इच्छेने आणि पुढचे दोन "आता मोडलंच आहे" म्हणून. सवय म्हणा. सवयीला वेळ असते, जागा असते, त्यामुळे ती पकडता येते.

आता मोजायचं कसं. कुणालाही विचारलं की साखर किती खाता, तर सगळे म्हणतात "फार नाही हो, चहापुरती". म्हणून मी हा प्रश्न विचारतच नाही, मी विचारते की घरात महिन्याला साखर किती किलो येते आणि माणसं किती. किराण्याच्या यादीत हा आकडा लिहिलेला असतो. समजा चार माणसं आणि ५ किलो. ५००० ग्रॅमला ४ ने भागा, मग ३० ने, माणशी रोजची जवळपास ४२ ग्रॅम निघते, आणि यात बाहेरचा चहा, बिस्किटं, मिठाई, आईस्क्रीम काहीच धरलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जे प्रमाण सांगितलं त्यात वरून घातलेली साखर, मध, ज्यूसमधली साखर असं सगळं मिळून दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांपेक्षा कमी हवी, आणि ५ टक्क्यांच्या खाली नेली तर आणखी चांगलं. २००० कॅलरीच्या हिशोबाने ते ५० आणि २५ ग्रॅम होतं. बसून काम करणाऱ्या बाईला २००० कॅलरीसुद्धा लागत नाहीत, म्हणून तुमच्यासाठी मी २५ चाच आकडा धरीन.

आणि तुमचा "दोन चमचे" म्हणजे नेमका कोणता चमचा तेही बघा. माझ्या घरच्या साखरेच्या डब्यात आईच्या काळचा एक खोलगट स्टीलचा चमचा आहे, मी तो एकदा वजनकाट्यावर ठेवला, बोटाने सपाट केला तर ५ ग्रॅम आणि सकाळच्या घाईत जसा उचलतो तसा उचलला तर ८. तुमचा मधला ६ धरला तरी चार कप गुणिले दोन चमचे, ४८ ग्रॅम. म्हणजे ना केक, ना बर्फी, ना सराफ्यातली जलेबी, नुसत्या चहातच दिवसाच्या कोट्याच्या जवळजवळ दुप्पट साखर झाली, आणि तिचा आनंद तरी कुठे मिळाला, ती तर ईमेल वाचता वाचता पोटात गेली. माझं इतक्या वर्षांचं म्हणणं हेच आहे, माणसं सणाच्या गोडाला घाबरतात आणि रोजच्या न दिसणाऱ्या साखरेला हातच लावत नाहीत.

तर चहा. आपल्याकडे साखर पातेल्यातच टाकून उकळतात, तिथेच सगळा हिशोब बुडतो. उद्यापासून घरचा चहा बिनसाखरेचा उकळा आणि ज्याची त्याने कपात घाला. मग तुमच्या कपात दर दहा दिवसांनी पाव चमचा कमी. आज दोन, दहा दिवसांनी पावणेदोन, मग दीड, असं करत साधारण दोन महिन्यांत अर्ध्या चमच्यावर याल. हे फार हळू वाटतं ना, सगळ्यांनाच वाटतं, पण एकदम बंद करून तीनदा परत आलात त्यात किती महिने गेले ते बघा. आलं, वेलची, गवती चहा भरपूर घाला, दूध थोडं वाढलं तरी चालेल, त्याची स्वतःची गोडी असते. ऑफिसखालच्या टपरीवर "भिया, अपनी फीकी बनाना" असं चार दिवस सांगावं लागतं, पाचव्या दिवशी तो स्वतःच बनवून ठेवतो. आणि तिथे सगळी चहा एकत्रच उकळलेली असेल तर कट घ्या, अर्धा कप म्हणजे अर्धी साखर.

जीभ बदलते का, तर हो, बदलते. अमेरिकेतल्या मोनेल सेंटरच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग छापला होता, त्यात काही लोकांच्या जेवणातली साखर तीन महिने बरीच कमी केली, तर तेच पुडिंग त्यांना आधीपेक्षा जास्त गोड लागायला लागलं. पण त्यातलीच दुसरी गोष्ट मी पेशंटना मुद्दाम सांगते, की गोडाची आवड काही कमी झाली नाही, आणि नंतर हवं ते खायची मोकळीक दिल्यावर ती मंडळी महिन्याभरात परत जुन्या प्रमाणावर गेली. म्हणजे गोड आवडणं कधी संपेल याची वाट बघत बसू नका. आवडू दे. कमी साखरेत तेवढंच गोड लागायला लागलं की आपलं काम झालं, आणि ते टिकवायचं असेल तर घरातला साखरेचा आकडा खालीच राहिला पाहिजे.

राजेंद्र नगरचे एक काका आठवतात, बँकेतून रिटायर झालेले. काकू सोबत आल्या होत्या आणि त्या म्हणाल्या, यांना तीन चमचे लागतात, कमी केली की कप तसाच ठेवतात. मी म्हटलं, उद्या चहा पिऊन झाला की कप न धुता मला त्याचा फोटो पाठवा. फोटोत कपाच्या तळाशी ओल्या साखरेचा बोटभर थर! काका वरच्यावर एकदाच चमचा फिरवायचे, अर्धी साखर खालीच बसायची, आणि शेवटी ती चमच्याने खरवडून खायचे, लहानपणी आजोबांसोबत खायचे तशी. म्हणजे जी साखर चहात उतरतच नव्हती ती काढली तरी चहाची चव तीच राहणार होती. आम्ही तीनाचे दीड केले आणि फक्त नीट ढवळायला सांगितलं. त्यांनी कप ठेवला नाही. मात्र खरवडायची आठवण त्यांना महिनाभर यायची, ते त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि ते सांगताना डोळे भरून आले होते त्यांचे. गोडाच्या सवयीत अशी माणसं गुंतलेली असतात, म्हणून मी कुणालाही "त्यात काय, सोडून द्या" असं म्हणत नाही.

आता संध्याकाळची बिस्किटं. तुम्ही लिहिलंय सकाळी पोहे, एक वाजता दोन पोळ्या आणि भाजी, मग रात्री साडेनऊला जेवण. ताई, मधे साडेआठ तास आहेत! पाच-सहा वाजता जे होतं त्याला तुम्ही गोडाची तल्लफ म्हणताय, ती सरळ सरळ भूक आहे. भुकेल्या माणसाला मेंदू पटकन साखर देणारीच वस्तू दाखवतो. त्यावर चार ग्लुकोज बिस्किटं खाल्ली (वजनाचा साधारण पाव भाग साखर आणि बाकी बहुतेक मैदा) की शुगर भराभर चढते, इन्सुलिन येतं, आणि थोड्याच वेळात परत काहीतरी हवं असं वाटतं. इथे मनाला आवरण्यापेक्षा पोट भरणं सोपं. पर्समध्ये मूठभर फुटाणे-शेंगदाणे ठेवा, किंवा एक वाटी दही, उकडलेलं अंडं, मोड आलेले मूग, जे जमेल ते, पण पाचच्या आधी, भूक भडकायच्या आधी. आणि दुपारच्या डब्यात घट्ट वरण नाहीतर उसळ आलीच पाहिजे, नुसती पोळी-भाजी पाचपर्यंत पुरत नाही.

सकाळच्या पोह्यांचंही तेच. इंदूरच्या माणसाला पोहे सोडा म्हणायची माझी हिंमत नाही आणि गरजही नाही, पण आपले वाफवलेले पोहे, त्यात घातलेली साखर, वर सेव आणि बाजूला जलेबी, यात प्रोटीन जवळजवळ नाहीच. आपल्याकडे उसळ-पोहे मिळतात ना, तेच घरी करा, पोहे अर्धी प्लेट आणि मटकी किंवा चण्याची उसळ वाटीभर, जीरावन मसाला हवा तेवढा भुरभुरा. जे सकाळी असं खायला लागले त्यांची संध्याकाळची धडपड पंधरा दिवसांत कमी झालेली मी खूप वेळा बघितलीय.

रात्रीचं गोड वेगळं असतं. पोट भरलेलं आहे, तरी हवं. ही भूक नाही, हा "दिवस संपला" असा सिग्नल आहे, तुमच्या बाबतीत मुलं झोपली, ओटा आवरला, आता पाच मिनिटं माझी, आणि त्या पाच मिनिटांत गूळ. ती पाच मिनिटं काढून घेऊ नका, त्यात दुसरं काही ठेवा. जेवण झाल्याबरोबर दहा मिनिटं कॉलनीत चक्कर, याने जेवणानंतर चढणारी शुगरही थोडी दबते कारण चालताना स्नायू ती वापरतात. आल्यावर साधी बडीशेप, साखरेचं कोटिंग असलेली रंगीत नको, आणि लगेच ब्रश. ब्रश केल्यावर परत फ्रिज उघडणारे कमी असतात. तरी तल्लफ आलीच तर घड्याळ बघा, पंधरा-वीस मिनिटं कशात तरी हात गुंतवा, बहुतेक वेळा लाट येते आणि उतरते. उतरली नाही तर अर्धा पेरू किंवा एक छोटं संत्रं खा. अख्खं फळ या साखरेच्या मोजमापात धरत नाहीत. त्याचा ज्यूस केला की मात्र धरतात. आणि बर्फीचा डबा फ्रिजमध्ये डोळ्यांसमोर असेल तर रोज रात्री त्याच्याशी कुस्ती करायला कुणाला जमणार, आला की दोन तुकडे ठेवून बाकीचा शेजारी किंवा ऑफिसमध्ये.

गुळाबद्दल स्पष्ट लिहिते कारण तुम्ही "गूळ तर चालतो ना" असं विचारलंय. नाही चालत, निदान साखरेच्या जागी फुकट म्हणून तरी नाही. गुळातही बहुतेक साखरच असते, कॅलरी जवळपास तेवढ्याच, लोह वगैरे असतं पण एका खड्यातून मिळतं ते नगण्य. मध, खडीसाखर, ब्राऊन शुगर, सगळं त्याच हिशोबात. खजुरात फायबर आहे, म्हणून एखाद-दोन चालतील, पण "शुगर फ्री लाडू" म्हणून पाव किलो खजूर वळलेले लाडू रोज खाणारे येतात माझ्याकडे. मात्र आमटीत चार माणसांत जो चमचाभर गूळ जातो तो राहू द्या. माणशी ग्रॅम-दीड ग्रॅमसाठी घरची चव बिघडवायची आणि सासूबाईंशी वाद घालायचा, यात तुमची सगळी ताकद नको तिथे संपते.

गोळ्या आणि ड्रॉप्सवाल्या कृत्रिम गोडीचं, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की वजन कमी करायला म्हणून ते वापरू नका. ज्यांना डायबिटीस आहेच त्यांच्यासाठी ती सूचना नव्हती. मला स्वतःला ते याच कारणाने आवडत नाहीत की जीभ तिथेच राहते, गोडीची पातळी उतरतच नाही.

पाकिटांचं फक्त एवढंच की मागे घटक लिहिलेले असतात ते वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात, पहिल्या तीनात साखर असेल तर समजून घ्या. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, ही पण साखरच. सॉस, फ्लेवरवालं दही, मुलांच्या दुधातल्या पावडरी, आपलं लाडकं खट्टा-मीठा मिक्सचर, सगळीकडे बघा. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या वर साखर जाते, ती तर घरात आणूच नका.

मग सराफा? जा ना. रात्री सोन्याची दुकानं बंद झाली की तिथे जी रबडी, मालपुवा, गरमागरम जलेबी मांडली जाते ती महिन्यातून एकदा, घरच्यांबरोबर, एक प्लेट दोघांत, मन लावून खा. रिकाम्या पोटी नको, घरून वरण-भात, कोशिंबीर खाऊन जा, जेवणानंतर थोडं गोड खाल्लं तर शुगर तेवढी उसळत नाही जेवढी नुसतं गोड खाल्ल्यावर उसळते. गणपतीचे मोदक, होळीची पुरणपोळी, संक्रांतीची गुळपोळी, हे पण तसंच, त्या दिवशी खायचं आणि दुसऱ्या दिवशी डब्यात उरू द्यायचं नाही. हळदीकुंकवाला कुणी पेढा हातात ठेवलाच तर नाही म्हणून त्या काकूंना दुखवू नका, अर्धा खा, अर्धा पर्समध्ये, घरी मुलाला.

आणखी दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत पण मी विचारते. झोप किती होते? पाच तास झोपलेल्या दिवशी भूक वाढवणारं हार्मोन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं घटतं, आणि त्या दिवशी गोडच आठवतं, त्याला तुमचा स्वभाव जबाबदार नाही. दुसरं, पाळीच्या आधीचा आठवडा. बऱ्याच जणींना तेव्हा गोडाची ओढ वाढते. कॅलेंडरवर खूण करा आणि त्या आठवड्यात चहातला पाव चमचा कमी करायची पायरी पुढे ढकला, आहे तिथेच थांबा. त्या दिवसांत सुरुवात करणाऱ्या जणी सगळ्यात जास्त मोडतात. तुमचा सोमवार कोणत्या आठवड्यात होता ते एकदा बघा.

वडिलांसाठी एक सूचना, कृपया लक्षात ठेवा. ते इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी घेत असतील तर तुमच्या उत्साहात त्यांचं खाणं एकदम बदलू नका, डॉक्टरांना विचारून डोस बघावा लागतो. त्यांना घाम, थरथर, घाबरल्यासारखं झालं, शुगर ७० च्या खाली आली, तर तेव्हा तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायची. तेव्हा साखरच औषध आहे. बाजारातली गुडमार या वनस्पतीची पावडर पण त्यांना स्वतःहून देऊ नका, औषधांच्या जोडीला ती शुगर आणखी खाली नेऊ शकते.

तुमच्या ५.९ ला घाबरू नका पण दुर्लक्षही नको. ५.७ ते ६.४ ला प्रीडायबिटीस म्हणतात, ६.५ पासून डायबिटीस. २०२३ मध्ये आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) जो देशभरचा अभ्यास छापून आला त्यात प्रीडायबिटीसवाले सुमारे १३ कोटी ६० लाख निघाले आणि डायबिटीसवाले १० कोटींच्या वर, म्हणजे तुम्ही त्या मोठ्या गर्दीत आहात जिथून अजून मागे फिरता येतं. वडिलांना आहे म्हणून तुम्हाला जास्त जपायचं. नुसती साखर कमी करून भागणार नाही, पोटाचा घेर आणि रोजचं चालणं पण बघावं लागेल, पण ते पुढच्या वेळी बोलू, सगळं एकदम सुरू केलं की काय होतं ते तुम्ही तीनदा बघितलंय.

टेस्ट तीन महिन्यांच्या आधी परत करू नका, लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि हा आकडा त्यांच्यावरूनच निघतो, महिन्यात केली तर अर्धवट चित्र दिसेल आणि उगाच हिरमोड होईल. तोपर्यंत दर महिन्याला किराण्याच्या यादीत साखरेसमोरचा किलोचा आकडा लिहून ठेवा, आणि रिपोर्ट घेऊन याल तेव्हा त्या तीन याद्या पण सोबत आणा.